मुका मार

दोन हजार बावीस साल. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. त्या वैशाखातला एक आवाज अजून कानातून जात नाही: पालेभाजीवर पाणी मारणाऱ्या हाताचा. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून सुटायचं, मेथीच्या जुड्यांवर अलगद विखरायचं, आणि हिरव्या काचेच्या बांगड्या थोड्या मागे राहून किणकिणायच्या. तो हात शेवंताचा, माझ्या बायकोचा. पहाटे मंडईतून आणलेली भाजी ती धायरीच्या रस्त्याकडेला, बायकांसाठी बांधलेल्या एका स्वच्छतागृहाच्या भिंतीला पाठ टेकून विकायची. ऊन जसजसं प्रखर होई तसतशी भाजी टवटवीत होत जाई आणि ती स्वतः सुकत जाई. कारण घागरीतलं पाणी मेथीला होतं, कोथिंबिरीला होतं, तिला नव्हतं.

मी चौथी शिकलेला माणूस. खडकीच्या कारखान्यात लोखंड कापता कापता केस पांढरे झाले, पण मराठी मला कुणी शिकवायची गरज नाही. पाणी मारणं वेगळं आणि तहान मारणं वेगळं. त्या स्वच्छतागृहाला बांधल्यापासून कुलूप होतं. कुलूप कुणाचं, असं विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. म्हणून त्या रस्त्यावरच्या साऱ्या बायका दिवस मावळेपर्यंत तहान मारत बसायच्या, आणि शेवंताने तर ती तपश्चर्याच केली होती. ओठांवर पापुद्रे, डोळ्यांत तेज. "अगं, घोटभर पी," म्हटलं की म्हणायची, "पिते की. मग जायला तुमच्या कारखान्यात येऊ का?"

अशाच एका सकाळी मागे येणारा एक टेम्पो तिला त्याच भिंतीशी दाबून थांबला. हात मोडला, बरगड्या तडकल्या, दोन्ही मांड्या चेंगरल्या; मांड्यांची कातडी मात्र कुठे फुटली नाही. जवळच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि बजावलं, "मोठ्या दवाखान्यात न्या. मांड्यांना जबर मुका मार आहे. पाणी भरपूर पाजा, लघवीवर लक्ष ठेवा." एवढ्या बोलण्यातला शेवंताने एकच शब्द उचलला. मुका मार. आमच्यात मुका मार म्हणजे हळदीचा लेप, विटेचा शेक, घोटभर काढा आणि चार दिवसांचं कण्हणं. "त्याला कशाला मोठा दवाखाना? घरी चला." माझा हट्ट साऱ्या वस्तीला ठाऊक, पण तो तिच्या हट्टापुढे पाणी भरायचा.

घरी उशाशी भरून ठेवलेला तांब्या भरलेलाच राहिला. सून म्हणाली, "मामा, आत्या पाण्याला शिवत नाहीत." मी रागावलो तर शेवंता म्हणाली, "पाणी पोटात गेलं की उठावं लागतं. मला कोण उचलणार, तुम्ही? तुमचे गुडघे तुम्हालाच उचलत नाहीत." आणि बरगडी धरून हसली. ते हसू अंगणात उतरलेल्या शेवटच्या उन्हासारखं पिवळं होतं, हे मला तेव्हा दिसलं, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सुनेने लघवीचं भांडं उचललं तर त्यात तळाशी कोऱ्या चहासारखं काळं, चार थेंबांएवढं. "काढ्याचा रंग आहे तो. कुणाजवळ बोलायचं नाही," शेवंताने तिला दटावलं. सून बोलली म्हणून आम्ही मोठ्या दवाखान्यात पोचलो.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली आणि सावकाश सांगितलं. चेंगरलेलं मांस आतल्या आत फुटतं, त्याचा रंग रक्तात उतरतो, मूत्रपिंडं तो गाळू पाहतात आणि गाळता गाळता बुजतात. चहाच्या गाळणीत चोथा बसावा तशी. अंगात पाणी असतं तर चोथा वाहून जाण्याची आशा होती. बाईंनी दोष कुणालाच दिला नाही. मी दिला. आतल्या आत मांस आक्रोश करत होतं आणि आपली भाषा त्याला मुकं म्हणत होती. ज्यांनी ही भाषा केली त्यांच्या मांडीवर कधी टेम्पो आला नसणार, आणि ज्यांनी ते कुलूप लावलं त्यांना दिवसभर कधी रस्त्यावर बसावं लागलं नसणार.

यंत्राने तिचं रक्त बाहेर नेऊन धुवून परत आणायला सुरुवात केली. पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी लोंबत होती. त्या पिशवीत थेंब उतरला तर शेवंता राहील, एवढंच मला समजलं होतं, म्हणून मी तिच्या चेहऱ्याकडे कमी आणि पिशवीकडे जास्त बघायचो. आणि त्याच दिवसांत, जन्मभर तहान मारलेली ही बाई पहिल्यांदा म्हणाली, "अहो, पाणी द्या." तर पाणी द्यायला मनाई. बाहेर पडायला वाट नाही, आत गेलेलं फुप्फुसात भरेल. ओला कापूस ओठांवर फिरवायचा, बस. मी फिरवला. तिचा प्लास्टरबाहेरचा हात चादरीवर हलत होता. बोटं जुळत, सुटत. ती पाणी मारत होती. कुठल्या भाजीवर, तिलाच माहीत. पिशवी कोरडीच राहिली. एका दुपारी बोटं जुळली ती सुटली नाहीत. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी लोखंड कापायची जुनी हॅक्सॉ आणि तिची घागर घेऊन धायरीच्या रस्त्याला गेलो आणि कुलूप कापायला बसलो. शेजारी लिंबं विकणारी कलाबाई पुढे आली. "बाबा, घरात सुतक ना?"

"आम्ही सुतक पाळत नाही. बाजूला सर, अंगावर कीस उडेल."

कुलूप पडलं. आत नळ कोरडा, कोपऱ्यांत जाळी. मी घागरीतलं पाणी आतल्या बादलीत ओतलं, पुन्हा घागर भरून आणून दाराशी ठेवली. कलाबाई आत जाऊन आली, हात धुतले, आणि भर रस्त्यात मान मागे टाकून तांब्याभर पाणी घटाघट प्यायली. तिच्या गळ्याची ती वरखाली होणारी शीर बघत मी उन्हात उभा राहिलो. इतक्या वर्षांचा संसार, इतके वैशाख. काळाने माझ्यापाशी तिचा हात ठेवला, तिच्या बांगड्या ठेवल्या, तिचा टोमणाही ठेवला, पण पाणी पिणारी शेवंता कितीही शोधली तरी मला आठवेना.