मधली जागा

शनिवारी दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी लाव्हेल प्रुइटने समोरच्या संघाच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, कमरेत धरून आडवं केलं. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाआधीचा शेवटचा सराव सामना, त्यामुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण जे आले होते ते घसा फोडून ओरडत उठले.

वर काचेमागे बसलेल्या ऑरव्हिल स्टेंगलने टाळी वाजवली नाही. तो लाव्हेल जिथून धावत आला त्या जागेकडे बघत होता. मैदानाच्या मधोमध मोठी मोकळी जागा पडली होती आणि तिच्यात समोरच्या संघाचा एक धिप्पाड गडी हात वर करून एकटाच उभा होता. चेंडू फेकणाऱ्याला तो दिसला नाही, एवढंच.

ऑरव्हिल बासष्ट वर्षांचा. सव्वीस वर्षं तो या संघासाठी कॉलेजांची मैदानं धुंडाळत होता. मोटेलात झोप, पेट्रोल पंपावरचं सँडविच, आणि दिवसभर पोरांच्या पायांकडे बघणं. "दुसऱ्यांच्या लेकरांचे पाय जितके बघितलेस तितके आपल्या लेकरांचे चेहरे नाही बघितलेस," असं त्याची बायको मार्लीन म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. एकाच प्रश्नाने त्याला झपाटलं होतं. कॉलेजात कडेला खेळलेला लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी, व्यावसायिक संघात मध्ये खेळू शकतो का? कडेच्याचं काम सरळ असतं: चेंडू हलला की धावायचं आणि फेकणाऱ्याला पाडायचं. मधल्याने आधी थांबायचं, बघायचं, मग हलायचं. शिवाय उरलेल्या दहाजणांना ओरडून जागेवर आणायचं. ऑरव्हिलने असे एकोणीस बदल पाहिले होते. सात टिकले. कोणते सात टिकणार, हे त्याला एकदाही आधी सांगता आलं नव्हतं.

लाव्हेल हा विसावा बदल. मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजचा, कडेला खेळण्यासाठी पंचवीस पौंडांनी हलका. 'मध्ये खेळू शकेल,' असं अहवालात ऑरव्हिलनेच लिहिलं होतं. मंगळवारी दुपारी चारपर्यंत संघाला नव्वद खेळाडूंतले त्रेपन्न ठेवायचे होते, आणि लाइनबॅकरची एकच जागा उरली होती.

सामना संपल्यावर लाव्हेल त्याला गाड्यांपाशी भेटला. खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली.

"बघितलंत ना, मिस्टर ऑरव्हिल?"

"बघितलं. खेळीचा इशारा कुणी बदलला?"

"मीच. त्यांचा गडी सरकला तोवर हेल्मेटातला कोचचा आवाज बंद झाला होता. खेळी सुरू करायला पंधरा सेकंद उरले की बंदच होतो ना तो. मग मीच बोंब मारली, सगळ्यांना फिरवलं."

"बरोबर फिरवलंस. आणि तू?"

लाव्हेल हसत होता, तो थांबला. "मला मागे जायचं होतं. तो मोठा गडी माझा होता."

"मग?"

"पाय निघाले. डोकं म्हणतंय थांब, आणि हे कधीच पळालेत." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कोचला वाटतंय मी स्वतःच्या धावण्याचाच इशारा दिला. पाठ थोपटली त्याने. आईचा फोन आला होता, सगळ्या गल्लीने टीव्हीवर बघितलं म्हणे. तुम्ही सांगणार का?"

"विचारलं तर सांगेन."

सोमवारी सकाळी नऊला बैठक बसली. लाइनबॅकरचा कोच डेनिस कझमारने तोच खेळ पडद्यावर तीनदा फिरवला.

"बघा! इशारा बदलला आणि स्वतः आत घुसला. डोकं आहे पोराला. ऑरव्हिल, जिंकलास लेका!"

व्यवस्थापक क्लिफ बर्गडॉलच्या समोर दोन नावं होती. एक लाव्हेलचं; दुसरं हॅनिगनचं, सहा वर्षं मध्ये खेळलेला, कधी चमकला नाही आणि कधी जागाही सोडली नाही.

"ऑरव्हिल," तो म्हणाला, "तो धावायचाच इशारा होता का?"

ऑरव्हिलची कॉफी निवली होती. तरी त्याने एक घोट घेतला.

"नाही. मधली जागा त्याची होती. त्याने ती सोडली. त्याच्याच तोंडून ऐकलंय."

"अरे, पण पाडला ना!" कझमार चिडला. "तुझाच माणूस आहे, आणि तूच त्याला खाली खेचतोस?"

"पाडला, खरंय. दहाजणांना बरोबर उभं केलं, तेही खरंय. सगळं लिही."

"मग तो मध्ये खेळेल की नाही?" बर्गडॉलने विचारलं.

"आठ आठवडे दे, सांगतो."

"उद्या चारपर्यंतचा वेळ आहे माझ्याकडे."

मंगळवारी चारला यादी लागली. हॅनिगन होता. लाव्हेल नव्हता. आता बुधवारी दुपारी बारापर्यंत इतर कुठलाही संघ त्याला मागू शकत होता. कुणीच मागितलं नाही, तर बर्गडॉलला वाटलं तरच त्याला सरावाच्या तुकडीत ठेवता येणार होतं.

बुधवारी साडेअकराला ऑरव्हिल हॉटेलवर गेला. लाव्हेल खाली लॉबीत बॅग पायाशी ठेवून बसला होता, चर्चला घालतात तसा कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"मी सांगितलं नसतं." त्याने शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "एक विचारू? सात टिकले म्हणता. त्यांचे पाय थांबायला किती दिवस लागले?"

"एकाला दोन वर्षं लागली."

"आणि बाकीच्यांना?"

"एकाचे कधीच थांबले नाहीत. थांबल्यासारखं दाखवायला मात्र शिकला."

लाव्हेल खुदकन हसला. "हे आधी सांगायचं होतंत हो!"

अकरा चाळीसला कझमारचा फोन आला. एका संघाने कचेरीत चौकशी केली होती: प्रुइट कडेचा की मधला? कचेरीने काय उत्तर दिलं, ते कझमारलाही माहीत नव्हतं.

बारा वाजायला नऊ मिनिटं असताना त्याला घरी पाठवायला संघाने बोलावलेली विमानतळाची टॅक्सी दारात येऊन उभी राहिली. लाव्हेल बाहेर गेला, चालकाला बारापर्यंत थांबायला सांगितलं, आणि बॅग न उचलता परत येऊन बसला.