आकाराम मिस्त्रींचा बुधवार

मी पाहुण्यांची खुर्ची बोलतेय. उचगावातल्या विसावा ज्येष्ठ मंडळाच्या हॉलमध्ये टेबलाशेजारी जी सागवानी खुर्ची दिसते, तीच मी. दर बुधवारी दुपारी चारला इथं कुणीतरी व्याख्यान द्यायला येतं आणि माझ्यावर बसतं.

माझा जन्म एका फजितीतून झाला. सहा वर्षांपूर्वी एक हाडांचे डॉक्टर ‘उतारवयात पडू नये म्हणून’ या विषयावर बोलायला आले आणि बसल्या बसल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट खाली आले. सगळे हसले, डॉक्टरही हसले. मागच्या रांगेतले आकाराम मिस्त्री मात्र हसले नाहीत. आपल्यासारखा सुतार मंडळात असताना पाहुणा पडतो, हे त्यांना फार लागलं.

सत्तरीला आलेल्या त्या माणसानं गुंडाळून ठेवलेली हत्यारं पुन्हा काढली. सात आठवडे ते माझ्यावर राबले. एकही खिळा मारला नाही, लाकडातच लाकूड अडकवून सांधे केले. माझे हात तर त्यांनी इतक्यांदा घासले, की त्यांची बायको अंबूबाई चहा घेऊन आली की म्हणायची, आता पुरे, झिजून जाईल ती.

मी तयार झाले तेव्हा अंबूबाई म्हणाली, “बसून तरी बघा की एकदा.”

“पावण्यांची हाय ती,” मिस्त्री म्हणाले.

मग माझे बुधवार सुरू झाले. साखरेच्या आजारावर बोलणारे आले, फोनवरच्या फसवणुकीवर बोलणारे आले. शिरोळचे एक शेतकरी महापुराबद्दल सांगायला आले. आवाज अगदी शांत होता त्यांचा, पण माझे हात त्यांनी घट्ट आवळून धरले होते, ते फक्त मला कळत होतं. माणसं तोंडानं एक बोलतात आणि हातानं दुसरंच, हे मी तेव्हा शिकले. व्याख्यान संपलं की भेळ, चहा, कुणाचा वाढदिवस असला तर गाणी. जाताना मिस्त्री माझ्यावरून फडकं फिरवत आणि मगच चप्पल घालत.

मंडळाच्या चिटणीस पूर्णिमाबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या मिस्त्रींच्या मागंच लागल्या होत्या, एक बुधवार तुम्ही बोला. लाकडाबद्दल बोला, पन्नास वर्षं काय केलंत ते सांगा. मिस्त्री दरवेळी म्हणायचे, बघू की पुढच्या महिन्यात. दोन वर्षं अशीच गेली. मग त्यांचा आवाज बसायला लागला. भुशानं होत असेल म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. तपासण्या झाल्या तेव्हा घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि त्यात आवाज जाणार होता.

त्या आठवड्यात ते स्वतःहून पूर्णिमाबाईंकडे आले. बसक्या आवाजात म्हणाले, “बाई, पुढल्या सोमवारी ऑपरेशन हाय. ह्या बुधवारी बोलतो मी.”

बुधवारी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. कापडी पिशवीत लाकडी सांध्यांचे नमुने होते. पण तीनच्या सुमाराला पूर्णिमाबाईंना फोन आला. एक मोठे पाहुणे कोल्हापुरात आले होते, जाता जाता मंडळाला भेट देणार होते. बाई अडचणीत पडल्या. मिस्त्रींनीच त्यांना मोकळं केलं. “पावणं लांबनं आल्यात. त्यांना बोलू द्या. मी काय, हितलाच.”

‘आत्ता पोचतो’ म्हणत म्हणत पाहुणे साडेपाचला आले. माझ्यावर रेलून ते दीड तास आपल्या परदेश दौऱ्याबद्दल बोलले. चौथ्या रांगेत मिस्त्री मांडीवर पिशवी घेऊन बसले होते. मध्येच त्यांनी एक सांधा बाहेर काढला, बोटांनी चाचपला आणि परत ठेवला. मला चार पाय आहेत, पण त्या माणसाखालून सरकता आलं नाही.

सोमवारी ऑपरेशन झालं.

दोन महिन्यांनी मिस्त्री आले, गळ्याला रुमाल बांधून. पूर्णिमाबाईंनी त्यांना हाताला धरून पुढं आणलं आणि जाहीर केलं, आजचे पाहुणे आकाराम मिस्त्री. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर बसले. किती हलके झाले होते ते.

त्यांनी टेबलावर एकेक सांधा मांडला. जोडून दाखवला, सोडवून दाखवला. शेजारी उभी राहून अंबूबाई सांगत होती, ह्यो दाराचा, ह्यो पाळण्याचा. जन्मात कधी चारचौघांत बोलली नव्हती ती. चुकली की मिस्त्री मान हलवायचे आणि सगळे हसायचे.

शेवटी त्यांनी नमुने बाजूला सारले. छातीवर हात ठेवला, समोरच्या सगळ्यांकडं बोट केलं, मग दोन्ही तळवे एकमेकांजवळ आणले आणि तसेच धरून ठेवले. ओठ हलले. कुणालाच कळलं नाही. त्यांनी पुन्हा तसंच केलं. अंबूबाई गोंधळली. लिहून द्यावं, तर त्यांना सही आणि इंचांचे आकडे एवढंच लिहिता यायचं. तिसऱ्यांदा त्यांनी अगदी सावकाश करून दाखवलं.

“पाणी पायजे त्यास्नी,” कुणीतरी म्हणालं.

पाणी आलं. मिस्त्रींनी पेल्याकडं पाहिलं, मग सगळ्यांकडं. हसले, आणि घोट घोट करून ते पाणी पिऊन टाकलं. घोट उतरताना त्यांची पाठ माझ्या पाठीवर ताठ होत होती. तहान नव्हती त्यांना. त्यांचं म्हणणं आपल्याला कळलं, असं लोकांना वाटावं म्हणून ते प्यायले. केवढ्या टाळ्या वाजल्या.

घरी गेल्यावर अंबूबाईनं विचारलं म्हणे, काय सांगायचं होतं? त्यांनी नुसता हात हलवला. एकोणीस दिवसांनी ते गेले.

बुधवार अजून होतात. अंबूबाई येते, पण भेळेला थांबत नाही. सुरुवातीला ती एकेकाला गाठून विचारायची, त्या दिवशी काय म्हणत होते वो हे? एक म्हणाला, मंडळ जोडून ठेवा म्हणत असतील. दुसरा म्हणाला, निरोप घेत असतील. ती ऐकून घ्यायची आणि मान हलवायची. आता कुणाला विचारत नाही.

गेल्या बुधवारी सगळे चहाला गेल्यावर ती माझ्याजवळ आली. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, “तुझ्याच अंगावर बसलं व्हतं न्हवं. तुला तरी कळलं का गं?”

नाही कळलं, अंबूबाई. ते काय सांगत होते, ते मला नाही कळलं. मला माफ कर.