पोटाला भोक असलेला रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे आणि माझ्या पोटाला भोक आहे. हवे तर हसा. माझा कुंभारही हसला होता. पण हे भोक मला म्हातारपणी पडलेले नाही. मी त्याच्यासकटच जन्मलो.

तटबंदी असलेल्या एका नगरात माझ्या कुंभाराचा भांडी भाजायचा आवा होता. एके दिवशी एक गृहिणी त्याच्याकडे आली. "पोटाशी भोक असलेला रांजण हवाय," ती म्हणाली. "लहान मुलाचा हात जाईल एवढं."

"अहो बाई, रांजण गळतो म्हणून लोक माझ्याशी भांडायला येतात. तुम्ही गळकाच मागायला आलात?"

"गळू दे. आमच्या गल्लीत त्याची गरज आहे."

कुंभार हसून डोके खाजवत राहिला, पण काम त्याने चोख केले. माती ओली असतानाच भोक कापले, बोटाने त्याची कड गुळगुळीत केली आणि मग मला भाजले.

बाईच्या नवऱ्याने मला घराच्या भिंतीत बसवले. तोंड आत स्वयंपाकघरात, पोट बाहेर गल्लीत. रोज सकाळी बाई वरून धान्य ओतत असे. भोकाला लाकडी बूच होते. ज्याला गरज असेल त्याने ते काढावे, ओंजळ भरून घ्यावी आणि बूच लावून निघून जावे.

"अगं, निदान डोकावून बघ तरी, कोण नेतंय ते!" शेजारीण एकदा म्हणाली.

"मी बघितलं, तर उद्या विहिरीवर त्याला माझ्यासमोर मान खाली घालावी लागेल. नकोच ते."

पीक कापताना शेताचा कोपरा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा, अशी त्या नगरातल्या लोकांच्या पवित्र शास्त्रात आज्ञा होती. बाईकडे शेतच नव्हते. म्हणून तिने घरात मला ठेवले.

नगर मात्र बिघडत चालले होते. वेशीपाशी न्यायाला बसणारे लाच खात आणि विधवेची फिर्याद कानावरही घेत नसत. देवाचा निरोप आणणारा एक संदेष्टा गल्लोगल्ली सांगत फिरला, "अजून सुधारा, नाहीतर देव तुमचा न्याय करील!" लोकांनी त्याला वेड्यात काढले. काही वर्षांनी शत्रूचे सैन्य आले. नगर जळाले, भिंत कोसळली आणि मी फुटलो. बाईचे पुढे काय झाले, ते मला ठाऊक नाही.

शेकडो वर्षे मी राखेखाली पडून होतो. मग उत्खनन करणारी माणसे आली, खुरप्याने आणि कुंचल्याने हळूहळू माती काढणारी. त्यांच्या प्रमुखाला सगळे 'सर' म्हणत. काय डोळा होता त्यांचा! रांजणाच्या काठाचा बोटभर तुकडा पाहून ते त्याचे शतक सांगत. म्हणूनच धुतलेल्या खापरांतून काठ, कान आणि बूड तेवढे ते ठेवून घेत. पोटाची साधी खापरे ढिगात जात. कामाची रीतच तशी होती. माझा अर्धा जीव टेबलावर आला आणि अर्धा ढिगात गेला.

टेबलावर खापरे जुळवायला एक बाई बसत. एकदा हातात घेतलेले काम त्या सोडत नसत, म्हणून सगळे त्यांना 'चिकटमावशी' म्हणत. प्रदर्शनासाठी सरांनी लिहिलेली पाटी त्यांच्या समोरच टेकवलेली होती : 'हातभर राख. या नगरात दया उरली नव्हती, म्हणून त्याचा असा न्याय झाला.'

कामाचा शेवटचा आठवडा होता. चुकून टेबलावर राहिलेले माझ्या पोटाचे एक खापर मावशींच्या बोटांना लागले आणि त्या थांबल्या.

"सर, या रांजणाला भोक होतं."

"म्हणून तर टाकून दिला असेल, मावशी."

"फुटलेली कड हाताला टोचते. ही बघा, गुळगुळीत आहे. आणि भाजल्याचा रंग कडेवरही चढलाय. कुंभारानं मुद्दाम ठेवलंय हे."

"एवढ्याशा तुकड्यावरून सांगता?"

"तुम्ही एवढ्याशा तुकड्यावरून शतक सांगता की!"

सर हसले, पण घड्याळाकडे बघत. "बाकीची खापरं ढिगात असतील. उद्या दुपारी सगळं खड्ड्यात लोटून बुजवायचंय. तोवर मिळाली तर मिळाली."

एकदा बुजवलेला खड्डा पुन्हा कोण उकरणार? बाईची गोष्ट कायमची मातीत जाणार, म्हणून मी घाबरलो.

सकाळपासून मावशी ढिगापाशी उकिडव्या बसल्या. मुकादम आपली माणसे घेऊन आला. "मावशी, मी यांना फावडी चालवायला आणलंय, तुमची तपश्चर्या बघायला नाही!"

"मग त्यांनाही बसव. डोळे रिकामेच आहेत त्यांचे."

दुपारपर्यंत दोन खापरे मिळाली. दोन्हींवर बाहेरून भिंतीचा गिलावा चिकटलेला होता. सर आले. आता ते 'पुरे' म्हणतील, असे मला वाटले. त्यांनी गिलावा निरखला, बाह्या वर सारल्या आणि ते मावशींच्या शेजारी मातीत बसले. तिसरे खापर त्यांनाच सापडले. तिथली कड गल्लीच्या बाजूने हात लागून लागून काचेसारखी गुळगुळीत झाली होती. सरांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला.

"रांजण भिंतीत होता. लोक घराबाहेरून घेत होते," ते हळूच म्हणाले. "आतून कोणीतरी भरत होतं."

मावशींनी मनात आणले असते, तर सरांची चूक चार माणसांत बोलून दाखवता आली असती त्यांना. त्यांनी फक्त पाण्याचा तांब्या पुढे केला.

सरांनी पाटी मागवली आणि सगळीच खोडायला घेतली.

"राख राहू द्या, सर. ती खरी आहे," मावशी म्हणाल्या.

म्हणून मित्रांनो, मला बघायला याल तेव्हा ती पाटी नीट वाचा. पहिली ओळ राखेची आहे, तशीच. दुसरी ओळ सरांनी खोडली आहे, पण मुद्दाम वाचता येईल अशी. तिच्याखाली त्यांनी लिहिले आहे : 'हे मी लिहिले, तेव्हा ढीग पाहिला नव्हता.' तुम्हीही कोणाविषयी शेवटची ओळ लिहायला बसाल, तेव्हा आधी ढिगापाशी जा.