तपासणीपुरतं कपाट

त्या सकाळी कारखान्यातल्या संडासाच्या नळाला पाणी आलं, तेव्हाच बायकांनी ओळखलं की आज तपासणी आहे.

"साबणपण ठेवलाय ग, आणि वासाचा!" बटणं लावणारी म्हणाली. "पाहुणे मोठे दिसतायत."

"धुवून घ्या हात पोटभर," इस्त्रीवाली मावशी म्हणाली. "उद्या पुन्हा आपण आणि आपली बादली."

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. ती काजाच्या मशीनवर बसत असे. दिवसभर शर्टांच्या पट्ट्यांना काजं पाडायची. लाइनबाई तिला वहिनी म्हणायची, म्हणून सगळा हॉल तिला वहिनी म्हणे. मशीनच्या रांगेवर देखरेख करणारी ही लाइनबाई म्हणजे तिची सख्खी नणंद. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा वहिनीच्या पदरी एक लहान मुलगी होती आणि हाती कसलीही कला नव्हती. नणंदेनंच तिला हाताला धरून इथं आणलं, मशीन शिकवलं, पहिल्या आठवड्यात वहिनीनं बिघडवलेल्या शर्टांचा दोष मुकाट्यानं स्वतःच्या अंगावर घेतला. "ताई नसत्या तर आम्ही मायलेकी रस्त्यावर आलो असतो," असं वहिनी भेटेल त्याला सांगायची.

संडासाशेजारी एक लोखंडी कपाट होतं. शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीनं अट घातली होती की कामगार बायकांना पाळीच्या दिवसांत लागणारे पॅड कारखान्यानं फुकट द्यावेत. त्यासाठीचे खोकेही दर महिन्याला येत. पण कपाटाला वर्षभर कुलूप असायचं आणि चावी लाइनबाईच्या कमरेला. तपासणीच्या दिवशी तेवढं ते उघडायचं. आजही आत निळ्या वेष्टनातली पाकिटं ओळीनं मांडून ठेवली होती, दुकानात मांडावी तशी.

दहाच्या सुमाराला लाइनबाई वहिनीच्या मशीनपाशी वाकली. "वहिनी, कंपनीकडनं तपासणीला आलेल्या त्या बाई तुझ्याशी बोलतील. तुझा चेहरा गरीब आहे, तुझ्यावर विश्वास बसतो. पॅड मिळतात का विचारलं तर हो म्हण."

"पण ताई, मिळत तर..."

"ऐक तर. ही ऑर्डर टिकली की मी स्वतः साहेबांशी बोलून कपाट कायमचं उघडं ठेवून घेते. पहिलं पाकीट तुझ्या लेकीला, आपल्या भिंगरीला. माझ्यावर विश्वास आहे ना तुझा?"

विश्वास होता. म्हणून तपासणीच्या बाईंनी शेजारी खुर्ची ओढून विचारलं तेव्हा वहिनी खाली बघत म्हणाली, "हो, मिळतात. दर महिन्याला." बाईंनी कागदावर खूण केली आणि त्या पुढं गेल्या.

संध्याकाळी सुटताना वहिनीनं पाहिलं, तर कपाटाला कुलूप होतं.

"साहेबांनी चावी मागून घेतली," लाइनबाई म्हणाली. "जरा दम धर. तोवर हे ने भिंगरीला." कटिंगच्या टेबलाखाली पडलेल्या तुकड्यांचं एक गाठोडं तिनं वहिनीच्या पिशवीत कोंबलं. कॉलरच्या आतलं कडक कापड, काळं अस्तर, खळीचा उग्र वास मारणाऱ्या चिंध्या. नणंदेला आपल्या पोरीची एवढी काळजी, या विचारानं वहिनीचे डोळे पाणावले.

भिंगरी आठवीत होती. एका जागी तिचा पाय ठरत नसे म्हणून बापानं ठेवलेलं हे नाव. गेल्या वर्षापासून मात्र दर महिन्याला चार दिवस ती भिंतीशी पाय पोटाशी घेऊन बसायची. शाळेत एकदा बाकावर डाग पडला होता. तेव्हापासून त्या दिवसांत ती शाळेचं नावच काढत नसे. दुकानातलं पाकीट घ्यायचं तर तेल नाहीतर औषध, एक काहीतरी सोडावं लागे. घरातल्या जुन्या सुती चादरी केव्हाच फाटून संपल्या होत्या. राहिल्या त्या कारखान्याच्या चिंध्या. त्या धुतल्या की पाणी काळं व्हायचं. बाहेर दोरीवर घालायची लाज, म्हणून खाटेखाली, ओलसर फरशीवर त्या कशाबशा वाळायच्या.

"आई, टोचतं ग हे," भिंगरी एकदा म्हणाली.

"दोन दिवस काढ बाळा. आत्या सोय करतेय."

त्यानंतर भिंगरी काही बोलली नाही. कातडी सोलली गेली, फोड आले, त्यात पू झाला, तरी बोलली नाही. आईला सांगून आई करणार काय, हे तेरा वर्षांच्या पोरीला कळत होतं. पाळीचे दिवस संपून ती शाळेत गेली, आणि दुपारी तिथून निरोप आला की मुलगी चक्कर येऊन पडली आहे. वहिनी धावत गेली तेव्हा अंग चटका बसेल इतकं तापलं होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून वहिनीला बाहेर बोलावलं. "काय वापरते ही?"

वहिनीनं खाली मान घालून सांगितलं.

"कापड वापरणं वाईट नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण ते मऊ, सुती, स्वच्छ धुतलेलं आणि उन्हात कडक वाळवलेलं पाहिजे. हे रंगाचं, खळीचं, त्यात अर्धवट ओलं. जखमांमधून विष चढायला लागलंय तिच्या अंगात. आणखी दोन दिवस उशीर केला असता तर मी काही सांगू शकले नसते. कारखान्यात काम करता ना? तिथं पॅड मिळत नाहीत?"

"मिळतात" असं जिथं सांगितलं होतं ती खुर्ची, तो कागद, ती खूण, सगळं वहिनीच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

भिंगरीला दवाखान्यात ठेवून घेतलं. रात्री सोबतीला थांबायचं म्हणून वहिनी पांघरूण मागायला तिन्हीसांजेला नणंदेच्या घरी गेली. लाइनबाई अजून आली नव्हती. तिची मुलगी, भिंगरीहून दोन वर्षांनी मोठी, पांघरूण काढायला खाटेखालची ट्रंक ओढायला वाकली. ट्रंकेआधी खोकी बाहेर काढावी लागली. खोक्यांत निळ्या वेष्टनातली पाकिटं गच्च भरली होती.

"मामी, भिंगरीला हवी असतील तर ने ना," मुलगी सहज म्हणाली. "आमच्याकडं पडूनच असतात. आई दर महिन्याला आणते. उरली की औषधवाल्याला देते."

वहिनीनं एक पाकीट उचलून उलटंपालटं करून पाहिलं.

दारात चपला वाजल्या. लाइनबाईनं आधी उघडी खोकी पाहिली, मग वहिनीचं तोंड. पोरीला तिनं पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं.

"ताई, ही आमच्या वाटणीची."

"हळू बोल."

"भिंगरी दवाखान्यात आहे. तुम्ही दिलेल्या चिंध्यांनी सडली माझी पोर. आणि तुमच्या खाटेखाली हे?"

लाइनबाईनं दार लोटून घेतलं. मग तिचा आवाज चढला. "एकटी मी घेते का? अर्धे खोके साहेबांच्या गाडीतून जातात. तोंड मिटून राहते म्हणून मला लाइन मिळाली, आणि मी लाइनवर आहे म्हणून तुला मशीन मिळालं. माझ्या पोरीचं मी बघणार नाही तर कोण बघणार?"

"आणि तुमच्या भावाच्या पोरीचं?"

लाइनबाई खोकी पुन्हा खाटेखाली सारू लागली. वहिनी पांघरूण न घेताच निघाली. परक्यानं लुबाडलं तर माणूस चार शिव्या देऊन मोकळा होतो. इथं मायेच्या माणसानं केसानं गळा कापला होता, आणि चार वर्षं ती त्याच हाताला दुवा देत आली होती. रस्ताभर तिला दुसऱ्याच एका गोष्टीची लाज वाटत राहिली. कुंपणानं शेत खाल्लं हे खरं, पण "शेत शाबूत आहे" अशी साक्ष तिनं स्वतःच्या तोंडानं दिली होती.

भिंगरी नऊ दिवसांनी घरी आली. वहिनी पुन्हा मशीनवर बसू लागली. नणंदेशी एक अक्षर बोलत नव्हती. दोन महिन्यांनी नळाला पुन्हा पाणी आलं.

या खेपेला लाइनबाईनं दुसरीच बाई पढवून ठेवली होती. तपासणीच्या बाई रांगेतून निघाल्या तेव्हा वहिनीनं मशीन बंद केलं आणि उभी राहिली.

"बाई, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. ते कपाट फक्त तुमच्यासाठी उघडतात. आम्हाला आजवर एक पाकीट मिळालेलं नाही."

हॉलमधली मशीनं एकेक करत थांबली. मॅनेजर साहेबांनी लाइनबाईकडं पाहिलं. आणि जिनं वहिनीच्या बिघडलेल्या शर्टांचा दोष एकेकाळी स्वतःच्या अंगावर घेतला होता, ती पुढं होऊन म्हणाली, "मॅडम, हिच्याकडं लक्ष देऊ नका. चोर आहे ही. कारखान्याचं कापड पिशवीत घालून घरी नेते. हवं तर विचारा तिलाच."

पिशवीत गाठोडं कोंबणारे ते हात वहिनीला आठवले. ती रडली नाही.

"नेत होते," ती म्हणाली. "तुकडे नेत होते. माझ्या पोरीच्या पाळीला. तुम्हीच देत होतात, ताई, आणि मी तुमचे उपकार मानत होते. ती मरता मरता वाचली. आता लिहा, बाई, मी चोर आहे म्हणून. पण त्यापुढं का नेत होते तेही लिहा."

ती सभोवार बघू लागली. साठ बायका होत्या. प्रत्येकीला ठाऊक होतं. प्रत्येकीनं मान खाली घातली होती. शेवटी मागून मावशीचा आवाज आला. "मी बघितलंय इस्त्रीच्या टेबलावरून. गाठोडं हिच्या पिशवीत कोण घालायचं ते. माझं वय झालं, मला करून करून काय करतील, कामावरूनच काढतील ना?"

दुसऱ्या दिवशी वहिनी आणि मावशी, दोघींनाही फाटकावरूनच परत पाठवलं. सहा आठवडे कपाट उघडं राहिलं, असं त्यांच्या कानावर आलं.

वहिनी घरीच शिवण घेऊ लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे मऊ सुती कापडाचे पॅड ती आणि मावशी शिवत; गल्लीतल्या पोरी सुरुवातीला लपतछपत आल्या, मग दार वाजवून येऊ लागल्या. शिवलेले पॅड धुऊन वहिनी उघड्यावर, भर उन्हात दोरीला लावायची. शेजारणी नाक मुरडायच्या. "डोळ्यांना टोचत असेल तर दुसरीकडं बघा," मावशी म्हणायची, "पोरींना टोचायचं ते आता बंद झालंय." भिंगरी चारही दिवस शाळेत जाऊ लागली. "आत्या आता येणार नाही का ग?" हे तिनं एकदाच विचारलं. वहिनी तिचे केस विंचरत राहिली.

एका संध्याकाळी एक अनोळखी तरुण बाई दारात आली. काजाच्या मशीनवर आता ती बसत होती.

"उद्या तपासणी आहे," ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली. "कपाटाला पुन्हा कुलूप लागलंय. लाइनबाई म्हणाल्या, विचारलं तर हो म्हण, मग तुझी सोय बघते. तुम्हाला काढलं ते मी ऐकलंय. मी काय करू?"

"मुलगी आहे तुला?"

"आहे. आठ वर्षांची."

वहिनीनं तिला आत बोलावून पाणी दिलं. तिला खरं बोल म्हणून सांगणं सोपं होतं. पण त्या खऱ्याची किंमत कोण मोजतं, हे वहिनीला माहीत होतं.

"काय बोलायचं ते मी तुला शिकवणार नाही," ती म्हणाली. "मला शिकवलं होतं, मी बोलले, आणि ते माझ्या लेकीनं भोगलं. तुला जमेल ते कर. नाही जमलं तर गप्प राहा, पण हो म्हणू नकोस. बाकी आम्ही बघतो."

ती गेल्यावर वहिनी आत शिवत बसलेल्या मावशीकडं वळली. "सकाळी किती वाजता येते ग ती तपासणीची गाडी?"

"नऊला."

"मग साडेआठला निघू. आत नाही घेतलं तर फाटकात उभ्या राहू, त्या बाईंना तिथंच कपाटाचं सांगू. गाडी थांबल्याशिवाय तर आत जाणार नाही ना?"

"अन् नाही थांबली तर?"

"तर पुढच्या तपासणीला पुन्हा उभ्या राहू," वहिनी म्हणाली, आणि उद्या घालायचे कपडे काढून ठेवू लागली.