वॉटर्लू उलटवणारा घोटा

मित्रांनो, बोटाच्या पेराएवढा, शिशाचा आणि वॉटर्लूची लढाई हरण्यात मुरलेला मी एक जुना फ्रेंच शिपाई आहे. विल्फ्रेडने मला आपल्या स्वयंपाकघरात साच्यात ओतला. माझी मिशी रंगवताना तो श्वास रोखून बसला होता म्हणे!

दर जूनमध्ये आमच्या यॉर्कशरच्या गावात, चर्चच्या हॉलमधल्या लांब टेबलावर हिरवं कापड अंथरून वॉटर्लू नव्याने लढली जाते. विल्फ्रेड फ्रेंचांच्या बाजूने खेळतो, त्याचा दोस्त डेस्मंड इंग्रजांच्या. आम्ही पट्टीने मोजून चालायचं आणि फाशाच्या दानाने मरायचं. विल्फ्रेड दरवर्षी हरायचा. दुसऱ्याच्या शिपायाला हात लावू नये, अशी या खेळाची रीत. डेस्मंड मात्र मेलेल्या मला बंदुकीला धरून उचलायचा आणि बिस्किटांच्या डब्यात भिरकावायचा. खण्ण! त्याने माझा घोटा पार खिळखिळा झाला.

यंदा विल्फ्रेड म्हणाला, "डोळे गेले रे माझे. एकदा तरी जिंकायचं होतं. ही शेवटची."

"मग शेवटचीही हर, म्हाताऱ्या!" डेस्मंड म्हणाला.

आम्ही टेकडी चढलो. आता सहा पडले, तर इंग्रज मोडणार. विल्फ्रेडचा फासा गडगडत आला आणि माझ्या पायाला टेकून तिरका झाला.

"कललाय! कललेलं दान धरत नाहीत, परत टाक!" डेस्मंड ओरडला.

कट्! माझा घोटा मोडला. मी आडवा, फासा सपाट. वर सहा!

डेस्मंडचा चहा कपातून बुटावर ओघळत राहिला, त्याला पत्ताच नाही. मी तर असा हादरलो, की माझी रंगवलेली मिशी ताठ उभी राहिली. खोटं वाटत असेल, तर येऊन बघा, अजून तशीच आहे.

"फासा थांबलाच कुठे होता?" डेस्मंडची बायको एनिड म्हणाली. "सहा म्हणजे सहा. आणि तो पाय कुणी मोडकळीला आणला, तेही सांगू का?"

डेस्मंड खाली वाकून बूट पुसू लागला.

जिंकलेला विल्फ्रेड हसलाच नाही. तो टेबल चाचपत होता. "अरे, माझा शिपाई कुठे पडला?"

"मी उचलू?" डेस्मंडने विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा! त्याने मला अलगद घरी नेलं, गोंद लावला. पण पाऊल चिकटवलं उलटं.

"पुढच्या जूनला पळायला सोपं," तो विल्फ्रेडला म्हणाला.

"पुढच्या? मला फासा दिसतो कुठे?"

"मी वाचीन की."

"तू?"

"बरं बाबा, एनिड वाचेल!"

म्हणून सांगतो मित्रांनो, आम्हाला बंदुकीला धरून उचलू नका. पायाखालच्या चकतीला धरा. एका घोट्यापायी केवढा इतिहास कोसळतो, ते डेस्मंडला विचारा.