माहितगार काशीबाई, वय सत्तर

शी! भाषाविज्ञानाचं नाव काढलं की आता मला मळमळतं. एम.ए.च्या पहिल्या सहामाहीत असं नव्हतं. तेव्हा मी आरोंद्याची प्राजक्ता, वर्गातली एकटी मालवणी बोलणारी, पहिल्या बाकावर बसून सरांचं प्रत्येक वाक्य टिपून घ्यायची. जीभ कुठे टेकली की कुठला आवाज निघतो, माणूस घरात एक बोलतो आणि कचेरीत दुसरंच का बोलतो, हे सगळं ऐकताना मला माझी काशीकाकी दिसायची.

आई गेल्यावर मला काकीनेच वाढवलं. ती बाजारात मासे विकते. गिऱ्हाइकाशी, देवाशी, मांजराशी ती मालवणीतच भांडते. पण तलाठी आला, बँकेतला साहेब आला, की पदर सावरून एकदम "बसा हं, पाणी आणते" अशी पुस्तकी भाषा सुरू! लोक गेले की म्हणायची, "आवशीक खाव, जीभ दुखाक लागली माझी." भाषा बदलण्याच्या प्रश्नाला मी हेच उदाहरण लिहिलं आणि दहापैकी नऊ मिळवले. काकीला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मगे अर्धे माका दी."

डिसेंबरात क्षेत्रकार्य लागलं. पाच-पाच जणांचे गट, सिंधुदुर्गातली गावं. एका माहितगाराकडून दोनशे शब्द आणि एक गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणायची, खाली त्याचं संमतीपत्र. सरांनी बजावलं होतं, "माहितगार म्हातारा, गाव न सोडलेला आणि शक्यतो निरक्षर बघा. अस्सल बोली तिथेच सापडते." मी हात वर करून सांगितलं, "सर, माझी काकी आहे." सर खूश. काकी अठ्ठावन्न वर्षांची आहे आणि चाळिशीत साक्षरता वर्गाला जाऊन लिहा-वाचायला शिकली आहे, हे मी तेव्हा बोलले नाही. तिचं नाव घेताना मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला.

काकीला कळवलं तर तिचा विश्वासच बसेना. "माझा बोलणा? आणि ता शिकलेल्या पोरांका व्हया?" आयुष्यभर लोक तिला "मासे विकणारीसारखी ओरडू नकोस" असंच सांगत आले होते. आता कोणीतरी शहरातून तिचं बोलणं ऐकायला येणार होतं. आठ दिवस तिचे रोज फोन. पोरां किती? शिरवाळे खातली मां? माझो आवाज त्या मशिनीत कायमचो रवतलो? एकदा म्हणाली, "मियां सगळे शब्द लिवन ठेवलंय गो. भरती-सुकतीचे, वाऱ्याचे, माशांचे. ऐन वेळार इसारतलंय म्हणान."

त्या दिवशी ती बाजारात गेली नाही. अबोलीचा वळेसर माळून, काकाला शेजारच्या सहा खुर्च्या आणायला लावून, सकाळी नऊपासून बसली होती. हे मला नंतर काकाने सांगितलं.

आणि आम्ही? आम्ही मालवणात. आदल्या दिवशी पाण्यात बुड्या मारून झाल्या होत्या, सुरमईवर ताव मारून झाला होता. सकाळी साडेदहाला आमच्या गटातला देवेश डोळे चोळत उठला आणि म्हणाला, "आरोंदा दोन तास लांब आहे यार. जायचं, यायचं, त्या बाईच्या घरी मासळीच्या वासात बसायचं. कशाला? प्राजक्ता आहे ना इथेच!"

मासळीच्या वासात! रात्री काटेसुद्धा चोखून खाल्ले होते त्याने. तेव्हाच त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. मी काय केलं? हसले. मला त्यांच्यात राहायचं होतं ना! पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला सहलीला आपल्यातलं म्हणून बोलावलं होतं.

रियाने मोबाइल समोर धरला आणि यादी वाचायला घेतली. डोळा, पाणी, राख, ऊ. मी मालवणीत सांगत गेले. दहा शब्दांनी ती थांबली. "अगं, आवाज फार तरुण वाटतोय." मग मी काकीचा आवाज काढला. बसका, बाजारात ओरडून फाटलेला. मध्ये मध्ये खोकलेसुद्धा. मितेश पलंगावर लोळून हसत होता आणि मला, देवाशपथ सांगते, चेव चढत होता. काकीने मला लहानपणी सांगितलेली कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, गोष्ट मी तिच्याच हेलात, तिच्याच "आयकलंस मां?"सकट सांगितली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग संमतीपत्र. नाव काशीबाई सहदेव. पत्ता खराच घातला, कारण खोटा सुचेना. देवेशने वय सत्तर लिहिलं, शिक्षणापुढे निरक्षर लिहिलं. मी म्हटलं, "अरे, तिला सही येते." तर म्हणतो, "मग मार्क कमी मिळतील. अंगठाच हवा." हॉटेलच्या काउंटरवरून त्याने शिक्क्याची जांभळी शाई आणली. त्याचा अंगठा रुंद. रिया म्हणाली, "बाईचा वाटायला हवा. प्राजक्ता, तुझाच दे. घरचाच आहे."

मी दिला. कोणी माझा हात धरून दाबला नाही. मीच दाबला, नीट, शाई फिसकटू नये म्हणून जपून. नंतर साबणाने तीनदा धुतला तरी नखाच्या कडेला जांभळं राहिलं, आणि त्याच हाताने मी दुपारी भात कालवून खाल्ला.

चार वाजता काकीला फोन केला. "काकी, गाडी बिघडली गो."

ती म्हणाली, "आसांदे. गाडयेक काय करतलंस? तू जेवलंस मां?"

सहामाहीच्या शेवटी सरांनी आमचं ध्वनिमुद्रण भर वर्गात लावलं. माझा तो खोटा खोकला आख्ख्या वर्गात घुमला. सर डोळे मिटून ऐकत होते. "पाहा, शाळेचा स्पर्श न झालेली वाणी. किती निर्मळ!" देवेशने मला कोपर मारलं. सगळ्या गटांत जास्त मार्क आम्हाला. अशा लोकांना मार्क देणाऱ्या विद्येची किळस यावी की घेणाऱ्या स्वतःची, मला ठरवता येईना, म्हणून मी दोन्हींची करून घेतली. पण तोंड उघडलं नाही. वाटलं, काकीला कुठे कळणार आहे.

मे महिन्यात घरी गेले. काकी घरापुढच्या खळ्यात आडाळ्यावर मासे कापत बसली होती. मला बघून उठली, हात धुतले, पदर सावरला.

"या. कधी आलात?"

मला हसू आलं. "काकी, काय गो ह्यां? तलाठी इलो काय?"

ती हसली नाही. आत जाऊन दोन कागद घेऊन आली. एक आमच्या विभागाचं आभाराचं पत्र होतं, त्याला संमतीपत्राची प्रत टाचलेली. माहितगाराला त्याच्या संमतीपत्राची प्रत पाठवण्याचा नियम आहे, ते कोणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. दुसरा कागद कॅलेंडरचं फाडलेलं पान होतं. त्याच्या पाठीवर वाकड्यातिकड्या अक्षरात शब्द लिहिले होते. उधाण. भांग. सुकती. मतलई. पेडवे. शेवटे. शेंगटी. पान दोन्ही कडांपर्यंत भरलं होतं.

तिने संमतीपत्राची प्रत डोळ्यांसमोर धरली आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचली. "काशीबाई सहदेव. वय सत्तर. नि-र-क्ष-र." मग खालच्या जांभळ्या ठशावर बोट टेकवून माझ्या हाताकडे पाहिलं. या हाताच्या चिमुकल्या बोटांनी तिचा पदर धरून मी बाजारात फिरले होते. तिला तो ठसा कोणाचा ते ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"काकी, माझा चुकला गो," मी रडायलाच लागले. "मियां तुझ्या पायां पडतंय. माका मार, गाळी घाल. पण अशी बोला नको."

ती आत गेली. काकाने शेजाऱ्याकडून आणलेल्या खुर्च्यांपैकी एक तिथेच राहिली होती, ती तिने माझ्यापुढे मांडली. बशीवर ठेवून पाण्याचा पेला आणला. साहेबांना देते तसा.

"बसा ना. उन्हातून आलात," ती म्हणाली. "आणि पुन्हा कधी कागद आणलात, तर मला विचारा. मला सही येते."