वज्राचा झाला हातोडा

हसू नका, पण मी एक शब्द आहे. 'वासारा'. फिनलंडमध्ये हातोड्याला म्हणतात तो मी.

माझं मूळ दूर दक्षिणेच्या गवताळ मैदानातलं. तुमचा 'वज्र' हा शब्द माझा सख्खा भाऊ. तो इंद्राच्या हाती लागला. मी उत्तरेला आलो आणि खिळे ठोकत बसलो. नशीब एकेकाचं! शंभराचा आकडा, मध, डुकराचं पिल्लू यांचे इथले शब्द, ही माझ्या गावची मंडळीही इथेच मुरली. हजारो वर्षांत आम्हाला कुणी परकं म्हटलं नाही.

ऊर्हो आजोबा तर आम्हाला अस्सल घरचेच समजत. त्यांची नात वेन्ला कास्परशी लग्न करणार होती. पोरगा याच देशातला, पण घरी स्वीडिश बोलणारा. झालं, आजोबांचं डोकं फिरलं! उन्हाळ्याच्या सणाला घरची माणसं सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, एकत्र बसतात. तिथे बोलावलं की जावई मानला.

"उसना माणूस माझ्या सौनात नको!" सणाच्या सकाळीच आजोबा कडाडले. "या घरात उसना शब्दसुद्धा चालत नाही."

वेन्ला भाषांचा इतिहास शिकलेली. तिचा जीव टांगणीला लागला होता, तरी म्हणाली, "मग संध्याकाळपर्यंत उसन्या शब्दावाचून बोलून दाखवा. जमलं तर कास्परला मीच परत पाठवते. चुकलात, तर तो आत. आणि हो, वासारा उसना आहे बरं का!"

"हॅ! त्यात काय मोठं!"

आजोबा सौनाची निखळलेली फळी बसवायला शिडीवर चढले. दोन्ही हात गुंतलेले, खाली कास्पर उभा. "ए, ते दे... ते रे... ठोकायचं!" कास्परने हातोडा दिला. माझं नाव गिळलं आणि काम मात्र माझ्याचकडून! असा राग आला मला. पहिलाच घाव अंगठ्यावर बसला.

"पेर्केले!" आजोबांनी सणसणीत शिवी हासडली.

"हरलात!" वेन्ला ओरडली. "ही शिवी समुद्रापलीकडच्या बाल्टिक शेजाऱ्यांच्या भाषेतून आलेली."

"काहीतरीच काय! माझ्या आईने शिकवलीय ती!"

"आजोबा... आपला 'आई' हा शब्दसुद्धा बाहेरूनच आलाय."

आजोबा खाली उतरले, पायरीवर बसले. "आईसुद्धा?" ते पुटपुटले. दुखरा अंगठा चोखत राहिले. मग कास्परवर खेकसले, "बघतोस काय? लाकडं आण. वाफ सोसत नसेल तर आत्ताच सांग!"

दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याला सांगत होते, "आई हा शब्द मूळचा आपलाच. त्या लोकांनी पळवला!"

वाचकहो, तुम्हीही फार दात काढू नका. कुणाला बाहेरचा म्हणून दाराला कुलूप घालाल, तेव्हा हातातल्या चावीला एकदा विचारा, बाई, तू कुठली? म्हणेल, पोर्तुगालची!